पाषाणातील बखर

रायपूरच्या दक्षिणेस सुमारे तीनशे किलोमीटरवर जगदलपूर लागते. त्याच्या पुढे कांगेर नदीच्या खोऱ्यात साल-सागाच्या अरण्याखाली चुनखडीचे कडे आणि गुहा आहेत. या नदीचे पाणी शबरीतून अखेर गोदावरीसच मिळते. सुमारे २०० चौरस किलोमीटरचे हे अरण्य १९८२ साली राष्ट्रीय उद्यान झाले. कोटमसरच्या गुहेतील लवणस्तंभांत प्रवाशांना कधी शिवलिंग दिसते, कधी झुंबर. मराठी इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र याच अरण्यातील, १९९५ साली उजेडात आलेली दंडक गुहा अधिक जवळची वाटावी.

पावसाचे पाणी अरण्याच्या मातीत झिरपताना मुळांतून व कुजत्या पाल्यातून सुटणारा कार्बन डायऑक्साइड शोषून घेते, चुनखडी विरघळवते आणि गुहेत ठिबकून तिचेच नवे थर रचते. थरांतील ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून पर्जन्यमानाचा आणि युरेनियम-थोरियमच्या प्रमाणावरून काळाचा अदमास येतो. दंडक गुहेतील एका स्तंभाचा असा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यात इ.स. ६०० ते १५०० या नऊशे वर्षांचा मान्सून वाचता आला. चौदाव्या शतकात आणि पंधराव्याच्या मध्यास दशकानुदशके टिकलेली अवर्षणे त्यात आढळली.

दुर्गादेवीचा दुष्काळ परंपरेने १३९६ पासून बारा वर्षांचा मानला आहे. मंगळवेढ्याची धान्यकोठारे भुकेल्यांसाठी खुली करणाऱ्या दामाजीपंतांची कथाही पंधराव्या शतकातीलच. ‘बारा वर्षे’ हा कथेतील रूढ संकेत म्हणून सोडून देण्याचा मोह समीक्षकाला होतो. पाषाण त्या आकड्याची ग्वाही देत नाही. परंतु इतके दीर्घ अवर्षण असंभाव्य नव्हते, एवढे तो निश्चित सांगतो. उलट पाऊस किती उणा पडला हे पाषाणाला ठाऊक असले, तरी माणसे कशी जगली, कोणी कोणाला धान्य दिले, हे त्याला ठाऊक नाही. ते लोकस्मृतीकडेच विचारावे लागते. ही दोन साधने परस्परांना पूरक आहेत.

म्हणूनच येथील संरक्षणाचा अर्थ निसर्गशोभेपुरता सीमित राहत नाही. वरचे अरण्य विरळ झाले, तर थेंबांची घडण बदलते आणि पुढील थरांचे लेखन बिघडते. आठवण म्हणून स्तंभाचे टोक मोडून नेणारा प्रवासी कदाचित शतकांची पाने फाडतो, आणि त्या पानांची दुसरी प्रत कोणत्याही दप्तरखान्यात नसते.