सर्पविष आणि वनौषधींची कसोटी

साप चावला की जाणत्याकडे धाव घ्यावी, त्याने मुळी उगाळून पाजावी आणि पाला वाटून जखमेवर बांधावा, ही रीत आपल्या देशात शतकानुशतके चालत आली. रोगी वाचला म्हणजे मुळीचा महिमा वाढे. दगावला तर दोष दैवाच्या माथी जाई. वस्तुतः पुष्कळसे साप बिनविषारी असतात आणि विषारी साप दंश करूनही कधीकधी विष सोडत नाही. जे मुळात विषबाधेतच सापडले नव्हते, त्यांच्या साक्षीवर कित्येक औषधांची कीर्ती उभी होती.

या कीर्तीची पद्धतशीर परीक्षा मुंबईच्या हाफकिन संस्थेतील फादर कायस आणि त्यांचे सहकारी डॉ. कृष्णाजी श्रीपाद म्हसकर यांनी केली. सर्पदंशावर गुणकारी म्हणून नावाजलेल्या ३०० हून अधिक वनस्पती त्यांनी प्राण्यांवरील प्रयोगांत पारखल्या. अनेक मिश्रणेही तपासली. १९३१ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष निःसंदिग्ध होता: यांपैकी एकही वनस्पती विषबाधा टाळीत नाही, विष उतरवीत नाही, की रोग्याला वाचवीत नाही.

हा निकाल वनौषधींच्या द्वेष्ट्यांनी दिलेला नव्हता. कीर्तिकर आणि बसू यांच्या भारतीय औषधी वनस्पतींवरील महाग्रंथाची दुसरी आवृत्ती पुढे १९३३ पासून निघाली, तिच्या संपादकांत हेच दोघे होते. ज्या विद्येवर प्रेम, तिलाच कसोटीस लावण्याचे धैर्य त्यांनी दाखविले.

कसोटीने विद्येची हानी होत नाही, याची साक्ष सर्पगंधा देते. सर्पदंशावरचे औषध म्हणून तिची ख्याती. पण तिचा खरा गुण निराळाच निघाला. १९४९ साली मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबावरील तिचा उपयोग जगापुढे मांडला आणि १९५२ साली तिच्यातून रिसर्पिन वेगळे काढण्यात आले.

सर्पविषावर खरा उतारा ठरली ती प्रतिविष लस. नाग, मण्यार, घोणस व फुरसे यांच्या विषांवर ती आपल्या देशातच तयार होते. तरीही २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. मुळी उगाळण्यात गेलेली घटका लस परत आणू शकत नाही. म्हणून १९३१ चा तो नकार आजही जीव वाचविणारा आहे.