तटबंदीच्या आतला रोग

मुलांच्या रक्तकर्करोगावरील उपचारांचा इतिहास हा केवळ नव्या औषधांचा इतिहास नव्हे. औषध जेथे पोहोचत नाही अशा एका जागेशी वैद्यकाने दिलेल्या झुंजीचाही तो इतिहास आहे.

१९४७ पर्यंत या रोगाचे निदान म्हणजे मृत्यूची वर्दीच समजली जाई. त्या वर्षाच्या अखेरीस बॉस्टन येथील डॉ. सिडनी फार्बर यांनी अमिनोप्टेरिन हे औषध मुलांना देण्यास प्रारंभ केला. ते पुरविणाऱ्या कंपनीचे संशोधनप्रमुख होते भीमावरम येथे जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव. १६ मुलांपैकी १० जणांना उतार पडल्याचे फार्बर यांनी १९४८ साली प्रसिद्ध केले. परंतु तो उतार टिकला नाही.

पुढील दीड दशकात आणखी औषधे आली. मुले अधिक काळ जगू लागली आणि नवेच संकट उभे राहिले. रक्त निर्दोष दिसत असतानाच मुलाचे डोके ठणकू लागे, वांत्या होत. पाठीच्या कण्यातील द्रव तपासावा, तो त्यात रोगपेशी सापडत. रक्तातील विषे मेंदूत शिरू नयेत म्हणून निसर्गाने जी तटबंदी उभारली आहे, तीच औषधांना बाहेर थोपवीत होती. मुलाचे रक्षण करणारा तट रोगाचेही रक्षण करीत होता.

मेंफिस येथे १९६२ साली उघडलेल्या सेंट ज्यूड रुग्णालयातील डॉ. डोनाल्ड पिंकेल यांनी ठरविले, की रोग मेंदूत दिसण्याची वाट पाहावयाचीच नाही. १९६७-६८ च्या सुमारास सुरू झालेल्या पाचव्या चाचणीत त्यांनी मस्तकास २४०० रॅड किरण दिले आणि कण्यातील द्रवात मेथोट्रेक्सेट टोचले. पूर्वी निम्म्याहून अधिक मुलांच्या मेंदूत रोग उलटे. ते प्रमाण दहांत एकाहूनही खाली आले. सुमारे निम्मी मुले कायमची बरी झाली.

या यशाची किंमत मात्र पुढे कळली. किरणोपचार झालेल्या कित्येक मुलांची स्मरणशक्ती मंदावली, उंची खुंटली. काहींना कालांतराने मेंदूत गाठी झाल्या. तेव्हा किरण टाळून कण्यातील औषधांवरच भर देण्याचे प्रयत्न सुरू झाले. सेंट ज्यूडच्याच पंधराव्या चाचणीत प्रारंभीच्या उपचारांतून मस्तकाचे किरण पूर्णपणे वगळण्यात आले. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार, केवळ मेंदूत रोग उलटण्याचे प्रमाण शंभरांत तिनाहूनही कमी राहिले.

तरीही ज्यांच्या मेंदूत रोग उलटतो, त्यांची वाट आजही खडतर आहे. अशा वेळी अस्थिमज्जेतही तो बहुधा दडलेला असतो. म्हणून आधी काही महिने सर्व शरीरासाठी प्रखर औषधे द्यावी लागतात आणि बहुधा नंतरच किरणांचा अवलंब होतो. मुलाचा जीव वाचवावा आणि त्याची बुद्धीही राखावी, हा दुहेरी भार वैद्यकाने अद्याप खाली ठेवलेला नाही.