थकलेला पगार आणि हिरवे फेटे : १८५७ च्या कोळी पलटणीची गोष्ट

१/
४ ऑक्टोबर १८५७. सिन्नर तालुक्यातील नांदूर शिंगोटे. गावापासून मैलभरावर, पुणे-नाशिक रस्त्यावर नजर ठेवता येईल अशा जागी पन्नासेक सशस्त्र भिल्ल ठाण मांडून बसले आहेत. त्यांचा नायक भागोजी एके काळी अहमदनगरच्या पोलिसांत अधिकारी होता. समेटासाठी त्याच्या दोन अटी आहेत : दोन वर्षांचा थकलेला पगार आणि पुढील उदरनिर्वाहाची सोय.
तो पगार त्या दिवशी दिला गेला असता, तर? आजचा थ्रेड या प्रश्नाचा, आणि तो न दिल्यामुळे उभ्या राहिलेल्या एका निमलष्करी दलाचा.

२/
‘असे झाले असते तर’ हा खेळ आपण बहुधा पानिपतावर किंवा प्लासीवर खेळतो. परंतु पर्यायी इतिहासाची खरी वळणे अनेकदा फार लहान जागी असतात : एखादा हुकूम, एखादी पगाराची थकबाकी, एखादा नाकारलेला हुद्दा. मात्र या खेळाला एक शिस्त हवी. आधी जे घडले ते नीट पाहायचे. मगच जे घडले नाही त्याविषयी बोलायचे.

३/
प्रथम भागोजी नाईक. १८५५ मध्ये दंगा करणे आणि पोलिसांच्या कामात अडथळा आणणे या आरोपांवरून त्याला कैद झाली. सुटल्यावर वर्षभराच्या चांगल्या वर्तणुकीसाठी जामीन मागण्यात आला. ती मुदत संपते न संपते तोच १८५७ चे वादळ उठले आणि सरकारने सरसकट शस्त्रे जमा करण्याचा हुकूम काढला. भागोजीने गाव सोडले. त्याच्या शब्दाला वजन होते, म्हणून माणसे त्याच्यामागे गेली.

४/
पोलीस अधीक्षक लेफ्टनंट हेन्री नांदूर शिंगोट्यास आले. निरोपांची देवाणघेवाण झाली, अटी कळल्या. आणि हेन्रींनी चाल करून जाण्याचा निर्णय घेतला. त्या चकमकीत ते मारले गेले. जिल्ह्याच्या पोलिसांचा प्रमुखच पडल्याची बातमी पसरताच भागोजीचे बळ वाढले. पुढची दोन वर्षे नगर आणि नाशिकच्या डोंगराळ भागात सरकार त्याचा पाठलाग करत राहिले.

५/
हेन्रींच्या जागी कॅप्टन नटॉल आले. नियमित पलटण डोंगरात निरुपयोगी होती : तंबू, बैल, सामानसुमान, नोकरचाकर असा लवाजमा घेऊन सह्याद्रीचे कडे चढता येत नाहीत. नटॉल यांनी ठरवले की डोंगरातल्या बंडाला डोंगरातलीच माणसे लावायची. त्यांनी महादेव कोळ्यांची पलटण उभारायला घेतली. सरकारी कागद तिला ‘कोळी कोअर’ म्हणतात.
कल्पना नवी नव्हती. १८२५ मध्ये जेम्स आउट्रम या तरुण लेफ्टनंटाने खानदेशात धरणगाव येथे भिल्लांची पलटण अशाच विचाराने उभी केली होती.

६/
आता संघटनेकडे पाहू, कारण या गोष्टीचे मर्म तिथे आहे. नटॉल यांनी सुटी माणसे भरती केली नाहीत. ते थेट कुळांच्या प्रमुखांकडे गेले. करार सरळ होता : जो जितकी माणसे आणील, त्या प्रमाणात त्याला हुद्दा. बांबळे कुळाचे प्रमुख जावजी नाईक बांबळे या दलाचे प्रमुख झाले. म्हणजे गावात ज्याचा शब्द चालत होता, त्याचाच शब्द कवायतीच्या मैदानावरही चालावा अशी ही रचना होती.

७/
अधिकाऱ्यांच्या यादीत आणखी एक माणूस होता : राघोजी भांगरे यांचा भाऊ.
राघोजींचे नाव ज्यांना ठाऊक आहे, त्यांना याचा अर्थ सांगायला नको. सावकार आणि कंपनी सरकार यांच्याविरुद्ध उठलेल्या राघोजींना २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली होती. त्यानंतर दहा वर्षेही लोटली नव्हती. ज्या सरकारने एका भावाला फासावर चढवले, त्याच सरकारने दुसऱ्याला अधिकारी केले. आणि त्याने ते पद स्वीकारले.

८/
शस्त्रांची कथा तितकीच बोलकी. डिसेंबर १८५७ पर्यंत शंभर माणसे मोहिमेसाठी सिद्ध झाली, ती स्वतःच्या घरच्या तलवारी आणि बंदुका घेऊन! ज्या सरकारने लोकांची शस्त्रे काढून घेण्याचा हुकूम दिला होता, तेच सरकार आता शस्त्र घेऊन या, असे सांगत होते. त्याच महिन्यात पेठ संस्थानात उठाव झाला, तेव्हा लेफ्टनंट ग्लासपूल यांच्यासोबत या नव्या दलातील अवघी ३० माणसे होती. १८५८ च्या प्रारंभी आणखी ११० जणांच्या भरतीचा हुकूम झाला आणि लवकरच दलाची संख्या ६०० ठरली.

९/
मग रीतसर सरंजाम आला. संगीन लावलेली हलकी बंदूक. काळ्या चामड्याचे पट्टे. पिळाचा गर्द हिरवा फेटा, गर्द हिरव्या कापडाचा डगला, गुडघ्यापर्यंत नेसलेले गडद तांबडे धोतर आणि पायांत वहाणा. बूट नाहीत, तंबू नाहीत, ओझ्याची जनावरे नाहीत. सगळे सामान खांद्यावरच्या झोळीत आणि पाठीवरच्या हलक्या बोचक्यात. जेवण गटागटाने, स्वयंपाकाची भांडी वाटेत आपसांत वाटून घ्यायची.

१०/
कवायत शिकवायला अहमदनगरच्या पोलिसांतून शिक्षक आणले गेले. तालमीला निवांत वेळ मिळाला नाही. तरीही ही माणसे लवकर तयार झाली. अत्यंत अवघड मुलखात शस्त्रे, दारूगोळा आणि शिधा अंगावर घेऊन ती दिवसाला ३० ते ४० मैल, म्हणजे सुमारे ५० ते ६५ किलोमीटर, चालत. सह्याद्रीत एखादा गड चढून उतरल्यावर आपले पाय कसे होतात, ते आठवून पाहा. म्हणजे या आकड्याचे मोल कळेल.

११/
नोव्हेंबर १८५९ मध्ये सिन्नरजवळ मिठसागर येथे फ्रँक साउटर यांच्या तुकडीने भागोजीला गाठले. समोरासमोरच्या लढाईत तो मारला गेला. हेच साउटर पुढे मुंबईचे पोलीस आयुक्त झाले. आणि कोळी पलटण? काम संपले. मार्च १८६१ मध्ये ती मोडण्यात आली. थोडे लोक पोलिसांत गेले. बाकीचे आपापल्या डोंगरात, आपल्या शेतीकडे परतले. योगायोग असा की भारतीय पोलिसांचा सुप्रसिद्ध १८६१ चा कायदाही याच महिन्यातला.

१२/
आता पर्यायी इतिहास. पहिली शक्यता : भागोजीची थकबाकी दिली गेली असती तर?
हे अशक्य नव्हते. अठराव्या शतकात याच बांबळे कुळातील दुसऱ्या एका जावजीने पेशवाईविरुद्ध बंड केले, किल्ले घेतले. शेवटी तुकोजी होळकरांच्या मध्यस्थीने त्याला क्षमा आणि साठ गावांवर अधिकार मिळाला. बंडखोराला हुद्दा देऊन व्यवस्थेत घेण्याची रीत या मातीत जुनी होती. हेन्रींनी ती वापरली असती, तर कदाचित हिरवा फेटा भागोजीच्याच डोक्यावर दिसला असता. तरीही सातपुड्यात खाजा नाईक उठलाच असता, कारण तो भागोजीच्या हुकमाने उठला नव्हता. लक्षात घ्या, खाजादेखील सेंधवा घाटाच्या पहाऱ्यावरचा सरकारी माणूस होता.

१३/
दुसरी शक्यता : जावजी बांबळे आणि त्यांची माणसे भागोजीला मिळाली असती तर?
इंग्रज लेखक या दोन समाजांना ‘पिढीजात वैरी’ म्हणतात आणि पुढे जातात. मला हे स्पष्टीकरण अपुरे वाटते. वैर असेलही, पण ६०० माणसे केवळ वैरासाठी रोज ४० मैल चालत नाहीत. त्यांना पगार, शस्त्र आणि प्रतिष्ठा एकाच वेळी देऊ करण्यात आली होती. तीच त्रयी भागोजीकडून हिरावून घेतली गेली होती. दोन्ही बाजू एकत्र आल्या असत्या तर कंपनीचे राज्य कोसळले नसते. पण मुंबईची फौज मध्य भारतात गुंतलेली असताना पुणे-नाशिक रस्ता आणि घाटवाटा राखणे तिला फार महाग पडले असते. नटॉल यांनी हेच ओळखले. त्यांनी पलटण उभारून एक सैन्य मिळवलेच, शिवाय समोर उभे राहू शकणारे दुसरे सैन्य तयारच होऊ दिले नाही.

१४/
तिसरी शक्यता मला सर्वांत अस्वस्थ करते : ही पलटण मोडली नसती तर?
कारण पुढे काय झाले ते आपल्याला ठाऊक आहे. १८७३ पासून जांबोरीच्या होन्या भागोजी केंगले यांनी याच डोंगरांत सावकारांविरुद्ध मोहीम उघडली. १८७६ मध्ये मेजर डॅनियल यांनी त्यांना पकडले. राघोजींच्या काळी जे कर्जाचे दुखणे होते, तेच तीस वर्षांनी होन्यांच्या काळी कायम होते. मधल्या तीन वर्षांत त्या माणसांच्या हाती सरकारी बंदूक होती आणि नियमित पगार होता. दोन्ही गेले, सावकाराची वही तेवढी राहिली.

१५/
म्हणून हे लोक ‘फितूर’ होते का, या प्रश्नापाशी मी थांबत नाही. राघोजींच्या भावाने तो डगला चढवताना काय विचार केला असेल, हे त्याने लिहून ठेवले नाही. लिहिले ते त्याच्या साहेबांनी, आणि त्यांनी गणवेशाचा रंग टिपला. भागोजी आणि जावजी यांच्यात मला दिसणारे अंतर निष्ठेचे कमी आणि वेळेचे अधिक आहे. एकाला सरकारने गरज नसताना दूर केले, दुसऱ्याला गरज असताना जवळ केले.

१६/१६
पुढच्या वेळी नांदूर शिंगोट्यावरून नाशिकला जाल, तेव्हा रस्त्याकडेच्या टेकड्यांकडे एकदा जरूर पाहा. एका थकलेल्या पगाराचा हिशेब तिथे सुरू झाला होता. राज्याने तो चुकता केला, पण ज्याचे देणे होते त्याला नव्हे. त्याच्यावर चालून जाणाऱ्या सहाशे जणांना.