वृंदगानाचे परीक्षक

गाणाराचें नांव लोकांच्या ओठीं राहतें. गाण्याचा निवाडा करणाराचें नांव दुसऱ्या दिवशींच्या वृत्तपत्राबरोबर रद्दींत जातें. हा न्याय योग्य कीं अयोग्य हा वाद बाजूस ठेवला, तरी त्यामुळें संगीताच्या इतिहासांतील एका कर्तृत्ववान वर्गाकडे आपलें दुर्लक्ष झालें आहे, एवढें मान्य करावेंच लागेल. पाश्चात्त्य देशांत वृंदगानाच्या ज्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरतात, त्यांत परीक्षकाच्या आसनावर बसणारे वृंदनायक कोण, ते त्या आसनापर्यंत कोणत्या वाटेनें आले, आणि त्यांच्या एका शब्दानें काय घडतें वा बिघडतें, याचा थोडासा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आरंभीं वृंदगान म्हणजे काय, हें स्पष्ट केलें पाहिजे. आपल्याकडे भजनांत किंवा आरतींत शंभर माणसें एकत्र गातात, तेव्हां तीं सर्व एकच चाल म्हणतात. पाश्चात्त्य वृंदगानांत स्त्रियांचे उंच व खालचे, पुरुषांचे उंच व खालचे, असे बहुधा चार प्रकारचे आवाज चार निरनिराळ्या चाली एकाच वेळीं गातात, आणि त्यांच्या मिलाफांतून गीत सिद्ध होतें. साथीला वाद्य नसलें म्हणजे तर कसोटीच. आपल्या गवयाला तंबोऱ्याचा आधार असतो. तेथें चाळीस गळ्यांनीं एकमेकांच्या आधारावरच उभें राहावयाचें असतें. पुष्कळदां गीत संपेपर्यंत सारा वृंद नकळत अर्धा स्वर खालीं घसरलेला असतो, आणि गाणारांपैकीं एकालाही त्याचा पत्ता नसतो. असा वृंद महिनोन् महिने खपून तयार करणारा, आणि प्रयोगाच्या वेळीं केवळ हातांच्या खुणांनीं त्याला चालविणारा, तो वृंदनायक. त्यानें स्वतः एक स्वरही काढावयाचा नसतो. पण पडलेल्या प्रत्येक स्वराचा दोष मात्र त्याच्या माथीं येतो.

अशा वृंदांना एकमेकांसमोर उभें करून त्यांची परीक्षा घेण्याची चाल कोठून निघाली, याचा माग काढीत गेलें असतां आपण ब्रिटनच्या पश्चिमेस वसलेल्या वेल्स या लहानशा डोंगराळ देशांत येऊन पोंचतों. तेथें अशा मेळाव्यास 'आइस्तेद्वोद' म्हणतात. बसणें या अर्थाच्या धातूपासून तो शब्द निघाला असल्यामुळें, आपल्या 'बैठक' या शब्दाशीं त्याचें नातें सहज लक्षांत येईल. इ. स. ११७६ मध्यें ऱ्हीस अप ग्रिफिद या राजानें कार्डिगन येथें कवींच्या व वादकांच्या स्पर्धा भरवून विजेत्यांस मानाचें आसन दिल्याची नोंद आहे. मध्यंतरीं ही परंपरा क्षीण झाली होती. एकोणिसाव्या शतकांत तिचें पुनरुज्जीवन झालें, तेव्हां वेल्समध्यें कोळशाच्या खाणी व लोखंडाचे कारखाने उभे राहिले होते, आणि कवीच्या वीणेची जागा मजुरांच्या वृंदानें घेतली होती.

या वृंदगानामागें नुसती हौस नव्हती. इ. स. १८४७ मध्यें इंग्रज सरकारनें नेमलेल्या तिघां आयुक्तांनीं वेल्समधील शिक्षणाविषयीं एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यांत तेथील लोक अडाणी व नीतिभ्रष्ट आहेत असा शेरा मारून, त्याचें खापर त्यांच्या भाषेवर व धर्मपंथावर फोडलें होतें. परक्या परीक्षकानें आपली भाषा न जाणतां दिलेला निकाल कसा बोंचतो, हें आपणां भारतीयांस निराळें सांगावयास नको. या अपमानास उत्तर मिळालें तें पंचवीस वर्षांनीं, व तेंही गाण्यांतून. ग्रिफिथ ऱ्हीस जोन्स, ज्याला सारा वेल्स 'कॅराडॉग' या टोपणनांवानें ओळखतो, हा धंद्यानें लोहार. त्यानें दक्षिण वेल्समधील सुमारें ४५० स्त्रीपुरुषांचा वृंद जमवून लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील स्पर्धेसाठीं नेला. १८७२ सालीं त्याच्याविरुद्ध उभा राहावयास कोणी पुढें आलें नाहीं. तेव्हां, न लढतां मिळालेला विजय तो कसला, अशी कुजबूज झाली. १८७३ सालीं लंडनचाच एक नामांकित वृंद मैदानांत उतरला, आणि लोहाराच्या वृंदानें त्यालाही जिंकलें. त्या दिवशीं इंग्रजांच्या राजधानींत मिळालेला निर्णय हा वेल्सच्या लोकांस १८४७ च्या शेऱ्यावरचा फेरनिकाल वाटला असल्यास नवल नाहीं. अबर्डेअर या गांवीं त्या लोहाराचा पुतळा उभा आहे, व त्याच्या हातांत हातोडा नसून वृंदनायकाची छडी आहे.

कॅराडॉगचा समकालीन जोसेफ पॅरी याचें चरित्र आमच्या विषयास अधिकच लागू पडणारें आहे. हा १८४१ सालीं मर्थर टिड्‌विल येथें जन्मला. नवव्या वर्षीं खाणींत व बाराव्या वर्षीं लोखंडाच्या भट्टीवर त्याला कामाला लावण्यांत आलें. पुढें घरचीं माणसें अमेरिकेंत पेनसिल्व्हेनिया प्रांतांत गेलीं, व तेथेंही तो लोखंडाच्याच कारखान्यांत राबूं लागला. संगीताची बाराखडी त्याला शिकविली ती त्याच्याबरोबर काम करणाऱ्या मजुरांनीं. तेथून त्यानें स्वतःच्या रचना समुद्रापार आइस्तेद्वोदच्या परीक्षकांकडे धाडल्या, आणि बक्षिसें मिळविलीं. परीक्षकांच्या कौतुकामुळें लोकांनीं वर्गणी जमविली, तिच्यावर तो लंडनच्या रॉयल ॲकॅडमींत शिकला, व १८७४ सालीं अबरिस्टविथच्या नव्या विद्यापीठांत संगीताचा प्राध्यापक झाला. त्यानंतर १९०३ सालीं मृत्यु येईपर्यंत तो स्वतः ठिकठिकाणच्या आइस्तेद्वोदांत परीक्षक म्हणून बसत असे. समोर उभ्या असलेल्या खाणमजुरांत त्याला पूर्वीचा आपणच दिसत असूं, असें मानण्यास हरकत नाहीं. परीक्षकाचा अधिकार पदवीनें मिळत नाहीं. ज्यानें स्वतः निकालाची वाट पाहिली आहे त्यालाच तो शोभतो, हें तत्त्व या एका चरित्रांत पुरेपूर दिसतें.

वेल्सचें हें लोण इंग्लंडांत व स्कॉटलंडांत पसरलें. १८८५ सालीं मेरी वेकफील्ड नांवाच्या गायिकेनें वेस्टमोरलंड परगण्यांत आपल्या घरच्या टेनिसच्या मैदानावर कांहीं गावकऱ्यांची गाण्याची लहानशी स्पर्धा घेतली, आणि त्या बीजापासून पुढें ब्रिटनभर स्पर्धामहोत्सवांची चळवळ फोफावली. महोत्सव वाढले तसे परीक्षकही वाढले, व परीक्षकाचें काम हा वृंदनायकाच्या आयुष्याचा एक नियमित भाग होऊन बसला. ग्लासगोचा ह्यू रॉबर्टन हा याचा ठळक नमुना. याचा वडिलोपार्जित धंदा प्रेतसंस्काराची व्यवस्था करण्याचा. पण कामगारवस्तींतील गाणाऱ्यांतून त्यानें जो ऑर्फियस वृंद घडविला, तो १९०६ पासून १९५१ पर्यंत ब्रिटनमध्यें कीर्तीच्या शिखरावर होता. रॉबर्टन परीक्षक म्हणून ब्रिटनमध्यें तर फिरलाच, पण कॅनडापर्यंतही गेला. कॅनडांत १९०८ सालीं एडमंटन येथें असा पहिला महोत्सव भरला होता, आणि पुढें १९२० नंतरच्या काळांत ब्रिटिश परीक्षकांचे तांडे आगगाडीनें त्या अफाट देशाच्या एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत शहरोशहरीं निवाडे देत जाऊं लागले.

या जुन्या पद्धतींत एक विशेष होता, व तो वाचकांनीं ध्यानांत ठेवावा अशी आमची विनंति आहे. परीक्षक केवळ आंकडे देऊन मोकळा होत नसे. तो व्यासपीठावर येई, आणि हरलेले व जिंकलेले, त्यांचे आईबाप व शेजारीपाजारी यांनीं गच्च भरलेल्या सभागृहापुढें आपल्या निर्णयाचीं कारणें सांगे. अमक्या ठिकाणीं खालचे आवाज घसरले, तमक्या ओळींत शब्दांचा अर्थ हरवला, हें त्याला नांवानिशीं दाखवावें लागे. कारण पटलें नाहीं तर सभा कुरकुर करी. म्हणजे परीक्षक परीक्षा घेई तशीच देईही, आणि हरलेला वृंद घरीं जातांना निदान एक धडा बरोबर घेऊन जाई.

दुसऱ्या महायुद्धानंतर या स्पर्धांना आंतरराष्ट्रीय रूप आलें. १९४७ च्या जून महिन्यांत वेल्समधील लँगॉलेन या छोट्या गांवीं निरनिराळ्या देशांतील वृंद जमले. फ्रान्समध्यें आगगाड्यांचा संप होता, म्हणून हंगेरीच्या कामगारांचा वृंद मिळेल त्या वाहनानें मजल दरमजल करीत तेथें पोंचला, आणि पुरुषवृंदांचें पहिलें बक्षीस त्यानेंच नेलें. १९४९ सालीं ल्यूबेक शहराचा जर्मन वृंद आला. ज्यांच्या घरांतील माणसें चार वर्षांमागें जर्मनांशीं लढतांना पडलीं होतीं, त्या श्रोत्यांपुढें त्यांनीं गावयाचें होतें. निवेदकानें त्यांची ओळख 'जर्मनीहून आलेले आमचे मित्र' अशी करून दिली, व सभेनें त्यांचें मनापासून स्वागत केलें. १९५५ सालीं इटलींतील मोदेना गांवच्या विजयी वृंदांत एका पाववाल्याचा एकोणीस वर्षांचा मुलगा बापाशेजारीं उभा राहून गात होता. त्याचें नांव लुचानो पाव्हारोत्ती. जगद्विख्यात झाल्यावरही त्या विजयाची आठवण त्यानें विसरूं दिली नाहीं, व १९९५ सालीं तो पुन्हां त्याच गांवीं गाऊन गेला. त्या १९५५ च्या परीक्षकांस आपण कोणाच्या आयुष्याला वळण लावीत आहों, हें त्या दिवशीं ठाऊक असणें शक्य नव्हतें.

यानंतर युरोपांत स्पर्धांची मालिकाच सुरू झाली. इटलींत अरेझ्झो येथें १९५२ सालीं, हंगेरींत देब्रेत्सेन येथें १९६१ सालीं, स्पेनमधील तोलोसा येथें १९६९ सालीं, बल्गेरियांत वार्ना येथें १९७१ सालीं, व फ्रान्समध्यें तूर येथें १९७२ सालीं अशा स्पर्धा निघाल्या. पैकीं अरेझ्झो हें ग्वीदो या अकराव्या शतकांतील भिक्षूचें कार्यक्षेत्र. आपल्या सारेगमसारखीं सुटसुटीत अक्षरें स्वरांस योजून त्यानें पाश्चात्त्यांस गाणें वाचावयास शिकविलें, व त्याच्याच नांवानें ती स्पर्धा भरते. १९८९ पासून अशा निवडक स्पर्धांतील विजेत्यांची पुन्हां एकमेकांशीं गांठ घालून 'युरोपीय ग्रां प्री' हें श्रेष्ठ पारितोषिक देण्यांत येऊं लागलें. २००० सालीं ऑस्ट्रियांत लिंझ येथें वृंदगानाचें ऑलिंपिक म्हणून जी प्रचंड स्पर्धा भरली, तींत तर गुणांच्या पायऱ्या ठरवून वृंदांस सुवर्ण, रौप्य व कांस्य पदकें देण्याची पद्धत आली.

येथें परीक्षकाचें काम बदललें. पांचसात देशांचे वृंदनायक एका मेजामागें बसतात; भाषा एकमेकांस धड कळत नाहीं; मग स्वरांचा खरेपणा, आवाजांचा मिलाफ, मूळ लिखिताशीं इमान व भावदर्शन अशीं सदरें आंखून प्रत्येकाखालीं आंकडे मांडणें हाच सोईचा मार्ग ठरतो. त्यांत लबाडीला वाव कमी, हें आम्हांस मान्य आहे. परंतु आंकड्याला कारण विचारतां येत नाहीं. शिवाय ही मंडळी लहान वर्तुळांतली. आज जो परीक्षक आहे तोच उद्यां आपला वृंद घेऊन दुसऱ्या गांवीं स्पर्धक म्हणून उभा राहतो. आणि ज्याची रचना समोर गाइली जात आहे तो रचनाकारच परीक्षकाच्या आसनावर असणें, हेंही अशक्य नाहीं. याहून मोठी अडचण मोजमापाची. चांगला आवाज म्हणजे कोणता? युरोपांतील चर्चमध्यें घुमणारा, कंपरहित, गुळगुळीत आवाज हाच आदर्श धरला, तर बल्गेरियाच्या खेड्यांतील बायकांचा छातीतून निघणारा खणखणीत सूर दोष ठरेल. ज्या प्रकाराला गुण मिळतात, तो प्रकार पुढच्या वर्षीं सारे उचलतात. अशा रीतीनें, कोणी कांहीं मुद्दाम न ठरवितां, परीक्षकाची आवड जगाची आवड होऊन बसते.

यावर उपाय एकच: आसनावर निरनिराळ्या कानांनीं बसलें पाहिजे. या दृष्टीनें फिलिपाइन्सच्या आंद्रेआ व्हेनेरासिऑन या विदुषीचें कार्य आम्हांस मोठें वाटतें. यांनीं १९६३ सालीं आपल्या विद्यापीठांत मॅड्रिगल सिंगर्स हा वृंद स्थापिला. त्यांचे गायक अर्धवर्तुळांत बसून गातात, व समोर वृंदनायक उभाच नसतो. नायिका गायकांतच एका टोंकास बसून बारीक खुणांनीं सारें चालविते. आपल्याकडील मैफलीचीच आठवण व्हावी अशी ही रीत. या वृंदानें एकामागून एक युरोपीय स्पर्धा जिंकल्या, १९९७ सालीं ग्रां प्री मिळविली, व आंद्रेआबाईंनीं सूत्रें शिष्याच्या हातीं दिल्यावर २००७ सालीं अरेझ्झो येथें ती पुन्हां मिळविली. स्वतः आंद्रेआबाई आंतरराष्ट्रीय स्पर्धांत परीक्षक म्हणून मान्यता पावल्या, १९९९ सालीं त्यांच्या देशानें त्यांस राष्ट्रीय कलावंत ही पदवी दिली, आणि २०१३ सालीं त्या निवर्तल्या. ज्या मेजासमोर त्यांचा वृंद उभा राहिला होता, त्याच मेजामागें पुढें एक आशियाई कान येऊन बसला. लोहाराच्या वृंदानें १८७३ सालीं लंडनमध्यें जें अर्धें मिळविलें होतें, त्याचा हा उरलेला अर्धा भाग होय, असें आम्ही समजतों.

आपल्याकडे ही विद्या अगदींच परकी आहे असें नाहीं. मुंबईंत व्हिक्टर परांज्योति यांनीं १९५६ सालीं आपला वृंद उभारला. भारतीय स्वरावलि घेऊन त्यांनीं रचलेली 'द्रविडियन डिथिरॅम्ब' ही चीज पाश्चात्त्य वृंदांनींही उचलली आहे. १९६७ सालीं ते वारल्यावर कुमी वाडिया यांनीं तो वृंद पुढें चालविला, व परदेशींच्या श्रोत्यांपुढें नेला. ही चीज ऐकून कोणी परीक्षक 'मूळ लिखिताशीं इमान' या सदरांत गुण मांडूं लागला, तर त्याला आधीं आपल्या रागदारींतील मींड म्हणजे काय हें समजून घ्यावें लागेल.

आणि हा प्रश्न केवळ युरोपाचा नाहीं. महाराष्ट्रांत व गोव्यांत गांवोगांव भजनस्पर्धा होतात, नाट्यस्पर्धा होतात. त्यांचे निकाल एका कागदावर वाचून दाखविले जातात, आणि टाळ्यांच्या गजरांत सभा उठते. हरलेल्या मंडळाचा बुवा टाळ गुंडाळून घरीं जातो, तो आपलें काय चुकलें हें न कळतांच जातो. आमच्या मतें परीक्षकानें दहा मिनिटें उभें राहून आपल्या निर्णयाचीं कारणें सांगण्याची ती जुनी रीत आपण या स्पर्धांत चालू करावी. तींत परीक्षकाची अडचण होईल, कधीं कधीं फजितीही होईल. पण त्या बुवाला पुढच्या वर्षीं कोठून सुरुवात करावयाची हें समजेल.