एकच वनस्पती, दोन न्याय

चैत्रात ज्योतिबाच्या डोंगरावर गुलाल-खोबऱ्याबरोबर दवणाही वाहतात. दवण्याची काडी चुरडली की तिचा वास बराच वेळ बोटांना राहतो. हा दवणा आर्टेमिसिया या प्रजातीतला. या प्रजातीच्या शेकडो जाती जगभर पसरलेल्या आहेत. जंतांवर देतात तो किरमाणी ओवा यांतलाच. चीनच्या तू यूयू यांच्या गटाने १९७२ साली मलेरियावरचे आर्टेमिसिनिन ज्या वनस्पतीतून वेगळे केले, तीही यांतलीच. या कामासाठी तू यूयू यांना २०१५ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

याच प्रजातीत रुपेरी पानांचे एक अतिशय कडू झुडूप आहे. युनानी वैद्यकात त्याला अफसंतीन म्हणतात. युरोपात या झुडपापासून दोन पेये तयार झाली: व्हर्मुथ आणि ॲबसिंथ. व्हर्मुथ हे नाव झुडपाच्या ‘वेर्मुट’ या जर्मन नावावरून आले, तर अफसंतीन आणि ॲबसिंथ हे दोन्ही शब्द एकाच ग्रीक शब्दाची रूपे आहेत. म्हणजे दोन्ही पेयांच्या नावांत झाड एकच. पण व्हर्मुथ दोनशे वर्षे निर्वेधपणे विकली गेली आणि ॲबसिंथवर अनेक देशांत बंदी आली. दोष वनस्पतीचा होता, तर शिक्षा एकालाच का? या प्रश्नाचा माग काढताना विज्ञानाच्या इतिहासातला एक प्रयोग आपल्याला भेटतो. विज्ञान शिकवणाऱ्याने तो जरूर ध्यानात ठेवावा असा आहे.

उन्हात ठेवलेली वाइन

अफसंतीन वाइनमध्ये भिजवून पोटाच्या विकारांवर देण्याची रीत फार जुनी आहे. पहिल्या शतकातील ग्रीक वैद्य डायोस्कोरिडिस याने अशा वाइनची नोंद केली आहे. हे औषध पुढे जेवणापूर्वीचे पेय बनले. इटलीतील तुरीन शहरात आंतोनियो बेनेदेत्तो कार्पानो याने १७८६ साली गोड व्हर्मुथ विकायला सुरुवात केली, असे मानले जाते. फ्रान्समध्ये जोसेफ नोयी याने १८१३ साली फिक्या रंगाची, कमी गोड अशी ‘ड्राय’ व्हर्मुथ तयार केली.

वाइनच्या बाबतीत ‘ड्राय’ म्हणजे कोरडी नव्हे, तर कमी साखरेची. आजच्या युरोपीय नियमांनुसार ड्राय व्हर्मुथमध्ये लिटरला ५० ग्रॅमपेक्षा कमी साखर असावी लागते. निदान तीन चतुर्थांश भाग द्राक्षाच्या वाइनचा असावा लागतो आणि आर्टेमिसिया प्रजातीतील वनस्पतीचा स्वाद तर अनिवार्यच आहे.

नोयीच्या परंपरेतील पद्धत मोठी चमत्कारिक वाटते. वाइनला हवा आणि ऊन लागू नये म्हणून सारे जग धडपडते. पण दक्षिण फ्रान्समधील मार्सेयाँ गावी वाइनची ओक लाकडाची पिंपे वर्षभर उघड्या अंगणात उन्हावाऱ्यात ठेवतात. जहाजाच्या डेकवरून प्रवास केलेल्या वाइनला जी चव येत असे, तीच जमिनीवर आणण्याचा हा प्रयत्न, असे सांगतात. लाकडाच्या छिद्रांतून प्राणवायू हळूहळू आत शिरतो, वाइनचे मंद ऑक्सिडीकरण होते आणि तिला सुक्या मेव्यासारखा वास येतो. मग तीत वीसेक वनस्पती व मसाले घालून तीन आठवडे रोज हाताने ढवळतात. वाइन नासण्याची जी क्रिया, तीच इथे लगाम घालून कामाला लावली आहे.

काचेच्या पेट्यांतील गिनीपिग

ॲबसिंथची कृती याहून वेगळी. तीत अफसंतीन, बडीशेप इत्यादी वनस्पती तीव्र मद्यार्कात भिजवून ऊर्ध्वपातन करतात. १८०५ साली फ्रान्समधील पोंतार्लिए येथे पेर्नो याचा कारखाना निघाला. १८४० नंतरच्या दशकात अल्जीरियातील फ्रेंच सैनिकांना तापावरचा उपाय म्हणून ॲबसिंथ देत आणि परत आलेल्या सैनिकांनी तिची आवड गावोगाव नेली. पुढे फायलोक्झेरा या किडीने द्राक्षबागा उद्ध्वस्त केल्या, वाइन महागली आणि कारखान्यातील मद्यार्कापासून बनणारी ॲबसिंथ गरिबांचे पेय बनली.

व्यसनी लोकांनी वेड्यांची इस्पितळे भरू लागली. पॅरिसच्या सेंट-ॲन इस्पितळातील मनोविकारतज्ज्ञ व्हालाँताँ मान्याँ यांना ॲबसिंथ पिणाऱ्यांत झटके आणि भास अधिक दिसत. हे काम अफसंतीनचे, अशी त्यांची खात्री होती. १८६९ साली त्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. एका काचेच्या पेटीत गिनीपिग आणि अफसंतीनच्या तेलाची बशी, दुसरीत गिनीपिग आणि शुद्ध मद्यार्काची बशी. तेलाच्या वाफा हुंगणाऱ्या प्राण्याला अपस्मारासारखे झटके आले. दुसरा प्राणी आधी चेकाळला आणि मग नुसताच झिंगला. मान्याँ यांचा निष्कर्ष असा, की ॲबसिंथचे वेड हा दारूच्या दुष्परिणामांहून वेगळा आजार आहे.

या प्रयोगात तुलनेसाठी दुसरा प्राणी होता. नियंत्रण नव्हते असे म्हणता येणार नाही. चूक वेगळीच आहे. माणूस अफसंतीनचे शुद्ध तेल हुंगत नाही. तेलाचा अंशमात्र असलेले तीव्र मद्य पितो. तुलना करायला हवी होती ती ॲबसिंथ आणि तितक्याच तीव्रतेचे साधे मद्य यांची. लंडनच्या ‘लॅन्सेट’मध्ये त्याच वर्षी यावर शंका घेतली गेली. पण झटके देणारा प्राणी पाहिल्यावर शंकेकडे कोण लक्ष देणार?

एक खून आणि अनेक कायदे

ऑगस्ट १९०५ मध्ये स्वित्झर्लंडमधील कोम्युन्यी गावात जाँ लानफ्रे या मजुराने आपली गरोदर पत्नी आणि दोन मुली यांना गोळ्या घातल्या. त्या दिवशी त्याने वाइन, ब्रँडी आणि इतर मद्ये भरपूर ढोसली होती. ॲबसिंथचे पेले होते फक्त दोन. पण बोभाटा झाला तो ॲबसिंथचा. बंदीच्या मागणीवर सुमारे ८२ हजार लोकांनी सह्या केल्या. १९०८ साली स्विस जनतेने बंदीला कौल दिला आणि १९१० पासून ती अमलात आली. १९१५ साली फ्रान्सने तेच केले.

फ्रान्समधील आघाडीत दारूविरोधी मंडळींच्या खांद्याला खांदा लावून वाइनचे उत्पादकही उभे होते, हे विसरता कामा नये. वाइन, बिअर यांची गणना तेव्हा तिथे ‘आरोग्यकारक पेयां’त होई. सारा दोष एका हिरव्या पेयावर गेल्यामुळे दारू मात्र निर्दोष सुटली. अफसंतीन घातलेली व्हर्मुथही कायद्याच्या बाहेर राहिली.

हिशेब मांडून पाहू

अफसंतीनच्या तेलातील थुजोन या द्रव्याने झटके येतात, हे खरे आहे. मेंदूतील चेतापेशींना आवर घालणाऱ्या ‘गाबा’ यंत्रणेत थुजोन अडथळा आणते, हे २००० साली सिद्ध झाले. म्हणजे मान्याँ यांचे निरीक्षण बरोबर होते. प्रश्न होता मात्रेचा. २००८ साली बंदीपूर्व काळातील ॲबसिंथच्या १३ सीलबंद बाटल्या तपासल्या गेल्या. त्यांत लिटरमागे सरासरी सुमारे २५ मिलिग्रॅम थुजोन आढळले. आज युरोपात अशा पेयांसाठी मर्यादा आहे ती किलोग्रॅममागे ३५ मिलिग्रॅम.

आता वर्गात सोडवता येईल असे गणित. ३० मिलिलिटर ॲबसिंथमध्ये थुजोन किती? पाऊण मिलिग्रॅम. ती ६८ टक्के तीव्रतेची धरली, तर मद्यार्क किती? सुमारे १६ ग्रॅम, म्हणजे १६,००० मिलिग्रॅम. थुजोनच्या वीस हजार पटींहून अधिक! थुजोनने झटके येण्याच्या कितीतरी आधी पिणाऱ्याला दारूच आडवी करील. शिवाय व्यसनी माणसाची दारू अचानक तुटली तर त्यालाही झटके येतात, भास होतात. मान्याँ यांच्या रोग्यांचे बरेचसे कोडे तिथेच सुटते. स्वित्झर्लंडने २००५ साली बंदी उठवली, फ्रान्सने २०११ साली कायदा रद्द केला.

आणि व्हर्मुथ? तिच्यात मद्यार्क साधारण १६ ते १८ टक्के. थुजोन पाण्यात फारसे विरघळत नाही, त्यामुळे अशा सौम्य द्रवात ते कमी उतरते. अफसंतीनचे कडू द्रव्य मात्र उतरते. ॲबसिंथमध्ये याच्या उलट घडते: कडू द्रव्य ऊर्ध्वपातनात भांड्यातच राहते आणि उडून जाणारे थुजोन पुढे येते. ज्या झाडाची ख्याती कडूपणाबद्दल, त्याची खरी चव व्हर्मुथमध्येच उरली आहे.

ही चव कळायची तर ड्राय व्हर्मुथ चांगली थंड करून, लहान पेल्यात, लिंबाच्या सालीसह, आधी वास घेऊन मग घोट घेत प्यावी, असे जाणकार सांगतात. अलीकडे अनेक देशांत छोटे उत्पादक स्थानिक वाइन आणि स्थानिक वनस्पती वापरून ती करू लागले आहेत. तिथे तर वास ओळखण्यातच निम्मी गंमत असते. बाटली उघडली की फ्रिजमध्ये ठेवून महिना-दोन महिन्यांत संपवावी. अंगणातील पिंपात सोसलेले ऑक्सिडीकरण मोजून-मापून केलेले होते. उघड्या बाटलीतले तसे नसते.

पिणाऱ्याने पेल्यातील मद्यार्काचा हिशेब ठेवावा, हे ओघानेच आले. न पिणाऱ्यांसाठीही या कथेत एक प्रश्न आहेच. पुढे कधी ‘अमुक पदार्थाने प्राण्यांना अपाय झाला’ अशी बातमी वर्गात आली, तर विद्यार्थ्यांनी तीन गोष्टी विचाराव्यात: मात्रा किती होती? शरीरात कोणत्या वाटेने गेली? आणि तुलना कशाशी केली? मान्याँ यांच्या काचेच्या पेट्यांसमोर हे तीन प्रश्न मोठ्याने विचारले गेले असते, तर लोकांचे लक्ष झुडपावर न खिळता पेल्यातील मद्याकडे कदाचित लवकर वळले असते.