फिरंगी बंदरांतील वस्त्रनिर्बंध व उत्तर कोंकणचें लुगडें

तारापूर, माहीम, डहाणू, वसई ह्या बंदरांच्या इतिहासाचा विचार करतांना अभ्यासकांचें लक्ष बहुधा किल्ले, मोर्चे व तहनामे ह्यांजकडेच जातें. त्या बंदरांत उतरणाऱ्या मनुष्याच्या अंगावर काय होतें व काय नसावें असा तेथील सत्तेचा हुकूम होता, हा प्रश्न क्षुल्लक मानून सोडून देण्यांत येतो. मात्र “फिरंगी मुलखांत धोतर नेसण्यास बंदी होती” हें विधान आपल्याकडील लेखांतून व व्याख्यानांतून वारंवार कानीं पडतें. तें सर्वस्वीं खोटें नाहीं; पण बंदी कोणास, कोणत्या सालीं व कोणत्या अधिकारानें, हें न सांगतां तें केल्यास त्यांतून भलताच अर्थ निघतो. प्रस्तुत लेखांत त्याचाच शोध घ्यावयाचा आहे.

प्रथम स्थळ ध्यानांत घ्यावें. बोईसर-तारापूर टापूंतील पाम गांवच्या कुळंब्यास किंवा भंडाऱ्यास फिरंगी बंदर पाहण्यासाठीं समुद्र ओलांडावा लागत नव्हता. जवळचें तारापूर हेंच दोन शतकांच्या आसपास फिरंगी बंदर होतें. वसई इ. स. १५३४ च्या तहानें पोर्तुगीजांकडे गेली, दमण त्यांनीं १५५९ त घेतलें आणि ह्या दोहोंमधील किनारा त्यांच्या ‘उत्तरेच्या प्रांतां’त मोडूं लागला. समुद्रांत तांडेल निघे तो पोर्तुगीजांचा परवाना, ज्यास ते ‘कार्ताझ’ म्हणत, तो जवळ बाळगून. परवाना नसल्यास तारूं व माल जप्त होण्याची भीति असे. व्यापाऱ्याकडे बंदरचा अंमलदार मागे तें हें कागद व जकात. हिंदु व्यापारी धोतर-पागोट्यानेंच त्या बंदरांत वावरत. त्यांजवांचून फिरंग्यांचा व्यापार चालला नसता.

तर मग निर्बंध कोणावर? ह्याचें उत्तर गोव्याच्या इन्क्विझिशनच्या कारभारांत आहे. ही धर्मसभा गोव्यांत इ. स. १५६० त स्थापन झाली. १७७४ त ती बंद झाली, १७७८ त पुन्हां सुरू झाली आणि १८१२ त कायमची मोडली. तिचा अधिकार मुख्यतः बाप्तिस्मा घेतलेल्यांवर चाले. बाटलेला मनुष्य आपला जुना आचार गुप्तपणें पाळतो कीं काय, हें पाहणें हें तिचें काम. बाप्तिस्मा न घेतलेला मनुष्य तिच्या तडाख्यांत सांपडे तो बहुधा दुसऱ्याच्या ख्रिस्ती आचारास अडथळा केल्याच्या आरोपावरून. ह्या सभेनें १४ एप्रिल १७३६ रोजीं एक लांबलचक जाहीरनामा काढला. कुन्य रिव्हार ह्यांनीं कोंकणी भाषेवरील आपल्या १८५८ च्या निबंधाच्या निमित्तानें तो अभ्यासकांपुढें आणला व अ. का. प्रियोळकर ह्यांनीं आपल्या १९६१ च्या ग्रंथांत त्याची विस्तारानें चर्चा केली.

ह्या जाहीरनाम्यांत एतद्देशीय ख्रिस्ती पुरुषांनीं हिंदूंप्रमाणें ‘पुडवें’ नेसूं नये व स्त्रियांनीं चोळी घालूं नये, असें कलम आहे. परंतु तें एकटें नाहीं. लग्नांत विडे वांटूं नयेत, वधूवरांस हळद लावूं नये, ओव्या म्हणूं नयेत, हिंदु रीतीनें अळणी भात शिजवूं नये, दारीं वा परसांत तुळस ठेवूं नये, अशा निषेधांच्या रांगेंत तें बसलेलें आहे. कलमाचा अर्थ ह्या शेजाराखेरीज लागत नाहीं. भातांत मीठ नसणें हा कांहीं लज्जेचा किंवा शिष्टाचाराचा प्रश्न नव्हे. तो ओळखीचा प्रश्न आहे. वस्त्राचेंही तसेंच. कांहीं लेखक ह्या निर्बंधास सभ्यतेचें कारण चिकटवितात, त्यांना चोळीचें कलम अडचणीचें आहे. चोळी अंग झांकते. लज्जारक्षण हा हेतु असता तर चोळीची सक्ति व्हावयास हवी होती, मनाई नव्हे. मनाई झाली ती चोळी हें शेजारच्या हिंदु बाईच्या अंगावरचें वस्त्र होतें म्हणून. आणखी एक बारीक गोष्ट: फिरंगी लेखकानें ‘पुडवें’ हा शब्द मूळ रूपांतच ठेवला. ज्या वस्त्रास आपल्या भाषेंत नांव सांपडत नाहीं, त्याची बंदी करतांना बंदी करणाऱ्यासही शेजाऱ्याची बोली उसनी घ्यावी लागली!

खुद्द ख्रिस्ती धर्मसत्तेंत ह्या बाबतींत एकमत नव्हतें, हेंही सांगणें प्राप्त आहे. मदुरेंत रॉबेर्तो दि नोबिली ह्या जेझुइट पाद्र्यानें संन्याशाचा वेष घेतला व बाटलेल्या ब्राह्मणांस जानवें व शेंडी ठेवूं दिली. त्यावर गोव्यांत मोठें वादळ उठलें. परंतु पोप पंधराव्या ग्रेगरीनें १६२३ त निर्णय दिला तो नोबिलीच्या बाजूनें. पुढें वारें फिरलें. १७०४ त पुद्दुचेरी येथें पोपचा वकील तुर्नों ह्यानें ह्या मलबारी आचारांविरुद्ध हुकूम काढला आणि १७४४ त पोप चौदाव्या बेनेडिक्टनें त्या वादाचा शेवट कडक बाजूनें केला. १७३६ चा गोव्याचा जाहीरनामा ह्या दोन सालांच्या दरम्यानचा आहे, ही गोष्ट तो वाचतांना विसरूं नये.

आतां प्रवाशाकडे वळूं. फिरंगी बंदरांत परक्या मनुष्यास खरें भय कशाचें होतें, हें शार्ल देलोन ह्या फ्रेंच वैद्याच्या हकीकतीवरून कळतें. तो दमणांत वैद्यकी करीत असतां १६७३ त इन्क्विझिशनच्या हुकमानें पकडला गेला. त्यास प्रथम वसईस नेलें, तेथें बंदींत ठेवलें व मग गोव्यास रवाना केलें. म्हणजे तारापूर-माहीमचा हाच किनारा उजाडतां-मावळतां पाहत तो कैदी दक्षिणेस गेला. १२ जानेवारी १६७६ रोजीं गोव्यांत जाहीर शिक्षासमारंभ झाला, त्यांत तो होता. त्याचा ग्रंथ १६८७ त छापला गेला. देलोन फ्रेंच, जन्माचा ख्रिस्ती. त्याच्या पोषाखांत आक्षेपार्ह असें कांहीं नव्हतें. त्यास भोंवली ती जीभ. परंतु शिक्षेच्या दिवशीं मात्र वस्त्रच पुढें आलें. कैद्यांस ‘सांबेनितो’ नांवाचा पिवळा झगा घालीत. त्यावर तांबडा तिरपा क्रूस असे, आणि जाळून मारावयाच्या मनुष्याच्या झग्यावर ज्वाळा व भुतें रंगविलेलीं असत. एका हातानें चोळी काढावयास लावणारी सभा दुसऱ्या हातानें हें वस्त्र चढवीत होती. वस्त्र म्हणजे मनुष्याच्या अंतःकरणाची पाटी, ही समजूत दोन्हींच्या मुळाशीं आहे.

आपले लोकही ह्या समजुतीपासून दूर नव्हते. मराठी कागदांत युरोपीयांस ‘टोपीकर’ म्हटलें आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत फिरंगी, इंग्रज, वलंदेज ह्या सर्वांस ह्या एकाच नांवाखालीं घातलें आहे. म्हणजे पागोटें व टोपी ही ओळखीची सीमा आमच्या बाजूनेंही आंखलेली होती. फरक इतकाच कीं तिच्यासाठीं आम्ही न्यायासन उभारलें नाहीं.

गमतीची गोष्ट अशी कीं, फिरंग्यांस स्वतःचा पोषाख ह्या हवेंत जसाच्या तसा राखतां आला नाहीं. जेमेल्ली कारेरी हा इटालियन प्रवासी १६९५ त दमण व वसई येथें आला होता. वसईचे बडे लोक रेशमी व तलम मलमलीचे कपडे, घोट्यापर्यंत पोंचणारे लांब विजारवजा तुमान घालतात, मोजे घालीत नाहींत व बुटांऐवजीं सपाता वापरतात, असें त्यानें नमूद केलें आहे. पुढें ज्या सत्तेनें प्रजेस पुडवें सोडण्यास सांगितलें, तिच्याच सरदारांनीं चाळीस वर्षांपूर्वीं मोजे सोडले होते!

जाहीरनामा निघाल्यास तीन वर्षें पुरीं होतात न होतात तोंच उत्तरेच्या प्रांताचा निकाल लागला. जानेवारी १७३९ त माहीम व तारापूर मराठ्यांनीं घेतलें. तारापूरच्या हल्ल्यांत बाजी भिवराव रेठरेकर पडले. मे महिन्यांत चिमाजीआप्पांनीं वसई घेतली. (तारखा जुळवितांना पोर्तुगीज कागद ग्रेगरी पंचांगाचे व त्या वेळचे इंग्रज कागद ज्यूलियन पंचांगाचे, म्हणून दोहोंत अकरा दिवसांचें अंतर पडतें, हें संग्राहकांनीं ध्यानीं ठेवावें.) तहांत ख्रिस्ती रयतेच्या धर्माचरणास मोकळीक मिळाली, परंतु आचारावर पहारा करणारा इन्क्विझिशनचा हात तेथून उठला.

ह्याचा परिणाम वस्त्रांत दिसतो असें माझें मत आहे. वसई भागांतील सामवेदी व वाडवळ ख्रिस्ती आणि साष्टी-मुंबईकडील ज्यांनीं १८८७ त ‘ईस्ट इंडियन’ हें नांव घेतलें ते लोक, ह्यांच्या स्त्रियांनीं लुगडें टिकविलें. काष्ट्याची नेसण ख्रिस्ती घरांत विसाव्या शतकापर्यंत नित्याची राहिली व सणासमारंभीं आजही दिसते. गोव्यांत उच्चवर्णीय ख्रिस्ती स्त्रियांत ‘पान-बाजू’ हा वेगळाच वेष रूढ झाला. त्यांतील ‘बाजू’ तर पूर्वेकडील मलायी किनाऱ्याशीं नातें सांगतो. पुरुषांत विजार आली. एकाच धर्मपीठाखालचे दोन समाज, आणि नेसणें असें भिन्न.

तथापि सर्व श्रेय १७३९ च्या विजयास देणें हा अतिरेक होईल. गोव्यांतही कुणबी-गावडे स्त्रियांनीं आपली चौकड्यांची साडी सोडली नाहीं. चिखलांत लावणी करणाऱ्या बाईस घोळदार झगा परवडत नाहीं, मग आज्ञा कोणाचीही असो. वसईचे ख्रिस्ती बहुतांशीं शेतकरी, बागाईतदार व कोळी; गोव्यांतील पान-बाजूवाला वर्ग गांवकर व नोकरपेशाचा. तेव्हां धंदा हें एक कारण व राज्यक्रांति हें दुसरें. दोन्ही एकाच दिशेनें ओढीत होतीं म्हणून उत्तरेंत लुगडें इतकें घट्ट राहिलें. दमण मात्र डिसेंबर १९६१ पर्यंत पोर्तुगीजांकडेच होतें. तेथील ख्रिस्ती घरांचा वेष व वसईचा वेष शेजारीं ठेवून पाहिला असतां ह्या दोन कारणांचें वजन निराळें करतां येईल.

हुकमानें जें साधलें नाहीं, तें शिंप्यानें साधलें. काज, फीत, इस्त्री, तुवाल, बुताव हे शब्द पोर्तुगीजांकडून आपल्या भाषेंत आले व घरचे झाले. धोतर नेसणाऱ्या माणसाच्या बंडीलाही काज असतें. ‘सांबेनितो’ हा शब्द मात्र मराठींत आला नाहीं.

ज्यांच्या संग्रहीं माहीम, तारापूर, चिंचणी किंवा वसईकडील मोडी लग्नयाद्या असतील, त्यांनीं त्यांतील वस्त्रांचीं कलमें रकमांसह उतरून घ्यावीं. लुगडें, चोळी, शेला, पागोटें हीं कोणाच्या नांवें, किती व काय किंमतीचीं, आणि यादींतील माणसांचीं नांवें हिंदु कीं ख्रिस्ती, हें वेगळें टिपावें. १७३९ च्या अलीकडची व पलीकडची अशी एकाच गांवची जोडी सांपडल्यास ती प्रथम छापावी.