परभणीचा शेतसारा आणि सिंगरेणीचे मालक

आजचा विषय, कोळसा खाणींचे मालक. तुम्ही म्हणाल, परभणीत कोळसा कुठंय? जमिनीखाली नाहीच. पण 1948 पर्यंत आपला जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, आणि संस्थानाचा कोळसा निघायचा तिकडे तेलुगू मुलखात, येल्लंदूजवळ. तीच सिंगरेणी.

आता मालक कसे बनतात बघा. बंगालात द्वारकानाथ टागोरांच्या कंपनीने 1836 मध्ये राणीगंजची खाण पैसे मोजून विकत घेतली होती. इथं उलटं झालं. 1886 मध्ये लंडनला ‘हैदराबाद (डेक्कन) कंपनी’ उभी राहिली. निजामाकडून खाणकामाचा परवाना मिळवलेल्या प्रवर्तकांनी बहुतेक शेअर रोख पैसा न भरताच स्वतःच्या नावावर करून घेतले. मग त्यातलेच काही, दर्शनी किमतीपेक्षा चढ्या भावाने, निजाम सरकारच्या गळ्यात मारले. सरकारतर्फे खरेदी करणारे अधिकारी होते सरदार अब्दुल हक, आणि विकण्याच्या बाजूलाही त्यांचं हित गुंतलेलं! 1888 मध्ये ब्रिटिश पार्लमेंटची चौकशी समिती बसली, इतकं हे प्रकरण गाजलं.

बरं, निजाम सरकारचा पैसा म्हणजे कुणाचा हो? त्यातला मोठा वाटा शेतसाऱ्याचा. जिंतूर-पाथरीच्या कुणब्यानं भरलेला सारा त्याच खजिन्यात जायचा. लंडनचे शेअर त्याच्या खिशातून घेतले गेले, हे त्याला कोण सांगणार?

खाण मात्र चालली, हे मान्य करायला हवं. 1889 मध्ये उत्खनन सुरू झालं. निजामाची रेल्वे या कोळशाची मोठी गिऱ्हाईक. 1900 च्या सुमारास मनमाड-हैदराबाद मीटरगेज परभणीवरून गेली आणि आपला कापूस गाडीत चढला.

1920 मध्ये ‘सिंगरेणी कॉलियरीज’ ही हैदराबादेत नोंदलेली कंपनी आली. 1945 मध्ये निजाम सरकारने तिचे बहुसंख्य शेअर विकत घेतले, पुन्हा त्याच खजिन्यातून. म्हणजे खाण अखेर संस्थानाची झाली. पण अकराच वर्षांत, 1956 ला, संस्थानाचे तुकडे पडले. मराठवाडा मुंबई राज्यात आला, सिंगरेणी आंध्रकडे राहिली. आज तिची मालकी तेलंगणाकडे 51 टक्के, केंद्राकडे 49 टक्के.